जुनी जिप्सी: ४एचचा दिवा लागतो, पण पुढची चाके ओढत नाहीत. ट्रान्सफर केस बदलावी का?

मुळशीकर

नमस्कार मंडळी.

माझ्याकडे २००४ सालची मारुती जिप्सी किंग आहे. १३०० सीसीचे इंजेक्शनवाले पेट्रोल इंजिन, कापडी छत, आणि पुढच्या चाकांना हाताने फिरवून ‘लॉक’ किंवा ‘फ्री’ करायचे (म्हणजे चाक त्याच्या शाफ्टला जोडायचे किंवा त्यापासून सोडवायचे) हब. मी तिचा तिसरा मालक असून तिचे आधीचे बरेचसे आयुष्य सिंधुदुर्गात एका आंब्याच्या बागेत गेले आहे. मला ती मुख्यतः पावसाळ्यात शेतावर जाण्यासाठी लागते, कारण शेवटचा चढ भातखाचरांच्या कडेने जातो आणि जून ते सप्टेंबर तिथे साध्या गाडीचा निभाव लागत नाही.

अडचणी तीन आहेत आणि त्या एकाच दोषातून येतात की वेगवेगळ्या आहेत, हे मला ठरवता येत नाही.

पहिली अडचण अशी की दोन्ही हब लॉक करून, ट्रान्सफर केसचा (गिअरबॉक्समधली ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडे पाठवणाऱ्या पेटीचा) लीव्हर ४एचमध्ये (चारही चाकांना ताकद, नेहमीच्या वेगाचा टप्पा) टाकून चढाला लागलो की डॅशबोर्डवरचा फोर व्हील ड्राइव्हचा दिवा व्यवस्थित लागतो, परंतु चिखलात गाडी अडकली म्हणजे फक्त मागची चाके फिरतात आणि पुढची ढिम्म उभी राहतात. हे मी खाली उतरून, दुसऱ्याला गाडीत बसवून खात्रीने पाहिले आहे.

दुसरी अडचण उताराची आहे. ४एलमध्ये (चारही चाकांना ताकद, सावकाश पण जास्त जोराचा टप्पा) पहिल्या गिअरवर, अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढून खाली येत असताना ट्रान्सफरचा लीव्हर अचानक उडून न्यूट्रलमध्ये येतो, इंजिनचा अटकाव नाहीसा होतो आणि गाडी एकदम मोकळी सुटते. चढताना असे होत नाही.

तिसरी अडचण मला सर्वांत चमत्कारिक वाटते. एकदा चढ संपवून डांबरी रस्त्यावर आलो आणि थोडे पुढे गेल्यावर लीव्हर ४एचमधून २एचमध्ये (फक्त मागच्या चाकांना ताकद) आणू लागलो, तर तो हलेचना. स्टिअरिंगही जड झाले होते. गाडी थोडी मागे घेतल्यावर खाडकन आवाज झाला आणि लीव्हर सहज सुटला.

ज्या गॅरेजमध्ये गाडी दाखवली तिथे ‘ट्रान्सफर केस गेली, भंगारातून दुसरी आणून बसवू’ असे सांगितले आहे. खर्च करायची तयारी आहे, परंतु भंगारातून आणलेली ट्रान्सफर केस माझ्या आताच्या ट्रान्सफर केसपेक्षा बऱ्या स्थितीत असेल याची हमी कोणीच देत नाही. निर्णय घेण्यापूर्वी काय काय तपासून पाहावे?

---

कातळवाट

मुळशीकर, ट्रान्सफर केसला एवढ्यात हात लावू देऊ नका. तुम्ही सांगितलेल्या तीनही लक्षणांपैकी पहिल्याचा तिच्याशी संबंध नसण्याची शक्यता मोठी आहे, आणि तुमच्याच वर्णनात त्याचा पुरावा आहे.

आधी दिव्याबद्दल. तो दिवा पेटवणारा स्विच ट्रान्सफर केसवर असतो आणि आतला काटा पुढच्या बाजूला जोडणी करतो तेव्हा तो दाबला जातो. म्हणजे दिवा एवढेच सांगतो की ट्रान्सफर केसपासून पुढच्या प्रॉपेलर शाफ्टला (चाकांच्या दिशेने ताकद नेणाऱ्या लांब दांड्याला) ताकद जोडली गेली. तिथून पुढे डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरसंच), दोन्ही अ‍ॅक्सल शाफ्ट, नकलमधले (चाक वळते त्या सांध्यातले) जॉइंट आणि शेवटी हब एवढा प्रवास बाकी असतो व त्यातले काहीही दिव्याला ठाऊक नसते. दिवा लागतो आहे आणि लीव्हर जागेवर बसतो आहे, तर ट्रान्सफर केस निदान ४एचचे काम करत असावी, असे मी प्रथमदर्शनी धरेन.

आता तुमची तिसरी अडचण पाहा. जिप्सीची फोर व्हील ड्राइव्ह ही गरजेपुरती जोडायची यंत्रणा आहे. तिच्यात पुढच्या आणि मागच्या धुऱ्यांमध्ये (अ‍ॅक्सलमध्ये) फरक पचवणारे मधले डिफरन्शियल नाही. ४एचमध्ये पुढचा आणि मागचा प्रॉपेलर शाफ्ट एकाच वेगाने फिरायला बांधलेले असतात. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, चिखलात ती घसरून हा फरक भरून काढतात, पण डांबरावर घसरायला वाव नसल्यामुळे सगळा ताण गिअरच्या दातांवर आणि शाफ्टवर साठत जातो. त्या ताणामुळे लीव्हर आतल्या आत आवळला जातो आणि गाडी मागे घेतली की ताण सुटून तो मोकळा होतो. तुमच्या बाबतीत नेमके हेच झाले.

परंतु असा ताण साठण्यासाठी पुढच्या चाकांना खरोखर जोडणी मिळालेली असली पाहिजे. पुढचे चाक हबपाशी सुटे असेल तर ताण साठणारच नाही. म्हणजे त्या दिवशी डांबरावर तुमची पुढची धुरी जोडलेली होती आणि चिखलात जोर आला तेव्हा ती सुटली. कधी धरणारा आणि कधी सोडणारा भाग साखळीत कुठे असू शकतो, असे विचारले तर माझे पहिले बोट हबकडे जाईल.

यात एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. पुढचे डिफरन्शियल साधे आहे, लॉक होणारे नाही. त्यामुळे दोन्ही हब बिघडण्याची गरज नसते. एकच हब सुटला तरी सगळी फिरकी त्या बाजूच्या मोकळ्या अ‍ॅक्सल शाफ्टमध्ये वाया जाते आणि दुसऱ्या, धडधाकट बाजूचे चाकही उभे राहते. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही चाके मेलेली दिसतात आणि तो दोष मध्यभागी, म्हणजे ट्रान्सफर केसमध्ये, शोधू लागतो.

तपासणी घरच्या घरी होते. सपाट जागी मागच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा, पुढची दोन्ही चाके उचलून अ‍ॅक्सलखाली भक्कम घोड्या (स्टँड) द्या. नुसत्या जॅकवर हे काम करू नका. इंजिन बंद, मुख्य गिअर पहिल्यात, ट्रान्सफर ४एचमध्ये, दोन्ही हब लॉक. या स्थितीत पुढचा प्रॉपेलर शाफ्ट इंजिनमुळे अडलेला असतो, म्हणून एक चाक हाताने पुढे फिरवले की दुसरे उलट दिशेने फिरलेच पाहिजे. ते फिरले नाही तर एका बाजूचा हब सुटा आहे. कोणता, ते हातालाच कळते: धरलेल्या हबचे चाक फिरवताना शाफ्टचे आणि डिफरन्शियलच्या दातांचे ओझे जाणवते, सुटलेल्याचे चाक हलके आणि गुपचूप फिरते.

मात्र चाचणीत दोन्ही हब पास झाले तरी निश्चिंत होऊ नका. हाताच्या जोराला धरणारा हब इंजिनच्या जोराला सुटू शकतो. म्हणून दोन्ही उघडून पाहाच. बाहेरची टोपी काढल्यावर आत सरकणारी दातेरी कडी दिसेल. ती स्प्रिंगच्या जोरावर सहज मागे-पुढे सरकली पाहिजे आणि तिच्या दातांच्या कडा धारदार असल्या पाहिजेत. कडा गोल झाल्या असतील तर हब बदलावाच लागेल. कडी नुसती अडकत असेल तर रॉकेलने धुऊन, पुसून, ग्रीसचा अगदी पातळ हात द्या. हबमध्ये ग्रीस ठासून भरण्याची अनेकांना सवय असते आणि तीच बाधते, कारण ते जुने होऊन घट्ट झाले की कडीला सरकूच देत नाही. बेअरिंगला ग्रीस भरपूर, हबला नाममात्र.

आणखी एक: अ‍ॅक्सल शाफ्टच्या टोकाला हबच्या आत एक सर्क्लिप (शाफ्टला जागेवर धरणारी छोटी कडी) असते. आधीच्या एखाद्या दुरुस्तीत ती परत बसवायची राहून गेली असेल तर शाफ्ट आत सरकतो आणि हबमध्ये त्याचे दात अर्धेच उरतात. लक्षण हुबेहूब तुमच्यासारखे दिसते आणि उपाय एका छोट्या कडीचा असतो.

---

वरोरेकर

कातळवाट यांचे पहिल्या अडचणीचे निदान मला पटते. दुसऱ्या अडचणीबद्दल मी लिहितो, कारण ताडोब्यामुळे आमच्या भागात जिप्सींची वर्दळ मोठी आहे आणि लीव्हर उडण्याची तक्रार आमच्याकडे नवी नाही.

सर्वांत आधी सुरक्षेची गोष्ट. ट्रान्सफर न्यूट्रलमध्ये आली की मुख्य गिअर कोणताही असला तरी इंजिन चाकांपासून पूर्ण तुटते. उतारावर केवळ ब्रेकच्या भरवशावर राहावे लागते. हा दोष निघेपर्यंत तीव्र उतारावर ही गाडी नेऊ नका. काही जण उतारावर लीव्हर हाताने दाबून धरतात किंवा रबरी पट्ट्याने बांधून ठेवतात. त्याने लीव्हर जागेवर राहतो, पण आतला काटा सतत कडीवर घासून झिजतो आणि मग ट्रान्सफर केस खरोखर उघडावी लागते.

चढताना लीव्हर जागेवर राहतो आणि उतरताना उडतो, ही माहिती फार मोलाची आहे. जिप्सीची ट्रान्सफर केस गिअरबॉक्सला थेट बोल्ट केलेली नसते. ती मागे वेगळी, तीन रबरी माउंटिंगवर टांगलेली असते आणि दोघांमध्ये एक छोटा शाफ्ट असतो. इंजिन चाकांना ढकलते तेव्हा तिचा पूर्ण गोळा एका दिशेला कलायला पाहतो आणि उतारावर चाके इंजिनाला ढकलतात तेव्हा उलट दिशेला. माउंटिंगचे रबर धातूपासून सुटले असेल तर हा कल इतका वाढतो की फ्लोअरमधून वर आलेला लीव्हर भोकाच्या कडेला किंवा कडक झालेल्या रबरी बुटाला टेकतो आणि ढकलला जाऊन न्यूट्रलमध्ये येतो. म्हणजे लीव्हर मुळात उडत नाही, त्याला बॉडी ढकलते.

तपासायला सोपे आहे. कन्सोल आणि लीव्हरचा रबरी बूट काढून टाका, सौम्य उतारावर, पुढे मोकळी सपाट जागा असेल अशा ठिकाणी, ४एलमध्ये गाडी सोडा आणि शेजारी बसलेल्याला लीव्हरच्या मुळाकडे पाहायला सांगा. बूट काढल्यावर लीव्हर उडणे बंद झाले तर दोष आतला नाही. खालून माउंटिंग पाहताना नुसत्या नजरेवर जाऊ नका. चिखल धुऊन, लांब पहार घालून ट्रान्सफर केस हलकेच उचकून पाहा. बाहेरून अखंड दिसणारे रबर आतून सुटलेले असते. तीनपैकी एकच गेले असले तरी तिन्ही एकदम बदला, नाहीतर नव्या रबरावर सगळा भार येऊन ते लवकर जाते.

यानंतरचा संशयित म्हणजे लीव्हरच्या बुडाशी असलेला प्लॅस्टिकचा बुश. तो झिजला की लीव्हर पूर्ण ओढला असे हाताला वाटते, पण आतला काटा शेवटपर्यंत गेलेला नसतो आणि दात अर्धेच गुंततात. त्यानंतर काट्याच्या दांड्यांना खाचेत धरून ठेवणाऱ्या स्टीलच्या गोळ्या आणि त्यांच्या स्प्रिंगा. त्या बाहेरच्या बोल्टखाली असतात, ट्रान्सफर केस न उतरवता निघतात आणि त्यांना लागणारे पैसे एका टायरच्या पंक्चरइतके. हे सगळे करूनही लीव्हर उडत राहिला तर मात्र आतल्या कडीचे दात गोल झाले आहेत किंवा बेअरिंगमध्ये खेळ आला आहे, असे समजून केस उघडावी. या क्रमाने गेलात तर तिथपर्यंत जाण्याची वेळ बहुधा येणार नाही.

हबबद्दल माझे थोडे वेगळे मत आहे. मी त्यांच्या दुरुस्तीत वेळ घालवण्याऐवजी दोन्ही बाजूंना कायम जोडलेले फ्लँज बसवून टाकीन. त्यात सरकणारा भाग नाही, स्प्रिंग नाही, पाण्याने गंजायला काही नाही.

---

कातळवाट

वरोरेकर, फ्लँजचा सल्ला रोज कच्च्या वाटेवर राबणाऱ्या गाडीला योग्य आहे. मुळशीकरांची गाडी मात्र पुण्यापासून शेतापर्यंत डांबरावरून जाते आणि शेवटच्या टप्प्यातच तिला फोर व्हील ड्राइव्ह लागते. फ्लँज बसवले की २एचमध्येही पुढचे अ‍ॅक्सल शाफ्ट, डिफरन्शियल आणि प्रॉपेलर शाफ्ट सतत फिरत राहतात. इंधनाचा फरक किरकोळ असेल, पण वीस वर्षांच्या गाडीत पुढच्या प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस (टोकांचे सांधे) आणि नकलमधले जॉइंट बऱ्या अवस्थेत असण्याची शक्यता कमी, आणि हमरस्त्याच्या वेगाला तिथून थरथर सुरू झाली की नवीन शोधमोहीम काढावी लागेल. हब चांगले असतील तर ते ठेवावेत, असे माझे मत आहे.

---

सममिती

चर्चा वाचली. एक प्रश्न अजून कोणी विचारलेला नाही: मुळशीकर, तुमच्या गाडीला पुढे आणि मागे कोणत्या मापाचे टायर आहेत? चाकांच्या बाजूवरचे आकडे वाचून सांगाल का?

कारण तुम्ही डांबरावर ‘थोडे पुढे गेल्यावर’ लीव्हर आवळला असे लिहिले आहे आणि वळणाचा उल्लेख केलेला नाही. सरळ रस्त्यावर, चारही टायर सारखे असतील तर, इतक्या लवकर एवढा ताण साठू नये.

---

मुळशीकर

सर्वांचे आभार. सममिती, पुढे २०५/७० आर १५ आहेत, जे या गाडीचे मूळ माप आहे असे मला वाटते, आणि ते बरेच झिजले आहेत. मागे २१५/७५ आर १५ आहेत व ते नवे आहेत. गाडी मिळाली तेव्हापासून अशीच आहे. विक्रेत्याने मागे मोठे टायर ‘चिखलात पकड मिळावी म्हणून’ घातल्याचे सांगितले होते.

---

सममिती

मग लीव्हर आवळण्याचे कारण बरेचसे इथेच आहे, आणि मला वाटते हबच्या दुर्दशेचेही.

हिशेब साधा आहे. २०५/७० आर १५ या टायरचा व्यास सुमारे ६६८ मिलिमीटर येतो आणि २१५/७५ आर १५ चा सुमारे ७०३. घेराच्या भाषेत पुढचे चाक एका फेरीत साधारण २.१० मीटर जाते आणि मागचे २.२१ मीटर. शंभर मीटर सरळ जाताना पुढच्या चाकाला मागच्यापेक्षा जवळजवळ अडीच फेऱ्या जास्त घ्याव्या लागतात. वजनाखाली टायर दबतो, हवेचा दाब कमी-जास्त असतो, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा थोडा हलेल, परंतु तुमचे पुढचे टायर झिजलेले आणि मागचे नवे असल्याने तो वाढण्याकडेच कल राहील. ४एचमध्ये मात्र दोन्ही धुऱ्यांना सारख्याच फेऱ्या घ्यायची सक्ती असते. परिणामी मागची चाके गाडीला ढकलत राहतात, पुढची तिला अडवत राहतात, आणि या ओढाताणीचा सगळा भार हबच्या दातांपासून ट्रान्सफरच्या साखळीपर्यंत प्रत्येक सांध्यावर येतो. तुमचा हब कधी धरतो आणि कधी सोडतो याचे मूळ गंजात असेल, पण दात गोल झालेले आढळले तर त्याचे श्रेय या टायरांना द्या.

इथे एक दुरुस्ती माझी मीच करतो, कोणाचा गैरसमज नको: जिप्सीच्या ट्रान्सफर केसमध्ये प्रत्यक्ष साखळी नसते, सगळे काम गिअर करतात. वर मी तो शब्द ‘जोडण्यांची मालिका’ या अर्थाने वापरला.

चारही टायर एकाच मापाचे, शक्यतो एकाच बनावटीचे आणि सारखे झिजलेले हवेत. नवी जोडी घेतली तर ती फक्त मागे टाकून जुनी पुढे ढकलण्याची रीत टू व्हील ड्राइव्हच्या गाडीला चालते, या गाडीला नाही. चार घ्या, आणि ठराविक अंतराने पुढचे मागे, मागचे पुढे करत राहा.

टायर सारखे करूनही डांबरावर लगेच ताण साठू लागला तर आणखी एक तपासणी करा, कारण तुमची गाडी अनेक हातांतून गेलेली आहे. जिप्सी १९८५ मध्ये आली तेव्हा ती एक लिटर इंजिनाची होती, १९९६ मध्ये १३०० सीसीची किंग आली, आणि या दोन पिढ्यांच्या डिफरन्शियलमधले दातांचे गुणोत्तर एकसारखे नाही. बाहेरून दिसायला मात्र धुऱ्या सारख्याच वाटतात. एखाद्या मालकाने मोडलेल्या पुढच्या धुरीच्या जागी भंगारातली जुन्या गाडीची धुरी बसवली असेल, तर पुढचे-मागचे गुणोत्तर वेगळे होते आणि कितीही चांगले टायर घातले तरी ओढाताण संपत नाही. तपासायला एका धुरीचे एक चाक जमिनीवर अडलेले ठेवा, दुसरे उचलून बरोबर वीस फेऱ्या फिरवा आणि तेवढ्यात प्रॉपेलर शाफ्टच्या किती फेऱ्या होतात ते खडूची खूण करून मोजा. पुढची धुरी मोजताना हब लॉक, ट्रान्सफर २एचमध्ये. मागची धुरी मोजताना ट्रान्सफर न्यूट्रलमध्ये आणि हब फ्री ठेवा आणि पुढच्या चाकांना ठोकळे लावायला विसरू नका, कारण त्या वेळी गिअर गाडीला धरून ठेवत नसतो. आकडा किती येतो हे महत्त्वाचे नाही, दोन्हीकडे तो सारखा आला पाहिजे. ज्याला भंगारातून ट्रान्सफर केस आणायची असेल त्यानेही हीच सावधगिरी बाळगावी, कारण तिथेही दोन्ही पिढ्यांचे भाग एकाच ढिगात असतात.

---

मुळशीकर

तपासण्या केल्या, त्यातून निघालेले लिहितो.

चाके उचलून पाहिली तेव्हा डावे चाक फिरवल्यावर उजवे एखाद्या वेळी उलट फिरे आणि एखाद्या वेळी मुळीच नाही. डावा हब उघडला. त्यातले ग्रीस काळे पडून वाळले होते, कडी गंजाने अर्ध्यात अडकत होती आणि तिचे दात एका बाजूने स्पष्ट झिजलेले होते. उजवा हब मळलेला होता, पण दात शाबूत होते. त्याची सर्क्लिप जागेवर होती, डावीकडची नव्हतीच. हबची नवी जोडी बसवली, दोन्हीकडे सर्क्लिप घातल्या. टायर तूर्त एका ओळखीच्या माणसाकडून सारख्या मापाचे चार आणून लावले आहेत. चिखलात आता पुढची चाके ओढतात.

धुऱ्यांचे गुणोत्तर सममिती यांनी सांगितल्याप्रमाणे मोजले. दोन्हीकडे सारखेच आले.

बूट काढल्यावर उतारावर लीव्हर उडणे कमी झाले, पण थांबले नाही. पहारीने उचकून पाहिल्यावर मागचे एक माउंटिंग धातूपासून पूर्ण सुटलेले निघाले. तिन्ही बदलली, लीव्हरचा बुशही बदलला, आणि आता लीव्हर स्थिर राहतो.

एक शंका उरली आहे. गाडी चालताना खालून ‘ऊं…’ असा एकसुरी आवाज येतो. २एचमध्येही येतो, ४एलमध्ये मोठा होतो. गॅरेजवाल्यांचे म्हणणे असे की हाच ट्रान्सफर केस गेल्याचा पुरावा आहे.

---

वरोरेकर

जिप्सीत तो आवाज २एचमध्येही असणारच. अनेक गाड्यांमध्ये हाय रेंजला ताकद ट्रान्सफर केसमधून थेट, एकास एक जाते आणि गिअर मोकळे असतात. जिप्सीत तसे नाही. किंगमध्ये हाय रेंजचे गुणोत्तर सुमारे १.४१ आणि लोचे सुमारे २.२७ आहे, म्हणजे कोणत्याही रेंजमध्ये ताकद दातांमधूनच जाते आणि दात गात राहतात. नव्या गाडीतही तो आवाज येत असे.

चिंता करायची ती वेगळ्या आवाजाची. दातांचा आवाज वेगाबरोबर चढतो-उतरतो आणि सुरेल असतो. बेअरिंग गेल्यावर येते ती घरघर असते, तिच्यात खडबडीतपणा असतो आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला-सोडला की तिचा पोत बदलतो. कानावर विश्वास बसत नसेल तर गाडी तासभर चालवून, तेल गरम असताना ट्रान्सफर केसचे तेल पांढऱ्या ताटलीत काढा. त्यात लिटरभरही तेल मावत नाही, त्यामुळे काम थोडक्यात होते. ड्रेनच्या बोल्टला चिकटलेली बारीक करडी पूड जुन्या गाडीत चालते. नखाला टोचणारे कण किंवा चकाकणारे तुकडे दिसले तर केस उघडा. तेल दुधाळ असेल तर पाणी शिरले आहे.

पाण्याचा संबंध ओढ्याशी आहे. गरम झालेली धुरी ओढ्याच्या थंड पाण्यात गेली की आतली हवा आकसते आणि ब्रीदरची (हवा आत-बाहेर जाऊ देणारी) नळी चिखलाने बुजलेली असेल तर ती हवा ऑइल सीलमधून पाणी आत ओढते. तुमची गाडी कोकणात पाण्यात वावरलेली आहे, म्हणून दोन्ही धुऱ्यांचे ब्रीदर साफ करा आणि तिथलेही तेल याच वेळी पाहा. डिफरन्शियलला जीएल-५ दर्जाचे तेल घाला. तेच उरले म्हणून गिअरबॉक्समध्ये ओतू देऊ नका, तिथे पितळी सिंक्रो (गिअर टाकताना वेग जुळवणाऱ्या कड्या) असतात आणि त्यांना जीएल-४ लागते.

---

कातळवाट

नकलच्या मागची सीलही याच वेळी पाहून घ्या. डाव्या बाजूची सर्क्लिप नसताना शाफ्ट आत-बाहेर सरकत होता, त्यामुळे त्या बाजूची अ‍ॅक्सलची आतली सील फाटलेली असण्याची शक्यता आहे. ती फाटली की डिफरन्शियलचे तेल नकलमध्ये उतरते आणि तिथले ग्रीस पातळ करते. चाकाच्या आतल्या बाजूला, गोल नकलवर ओलसर काळा थर दिसला तर नकल उघडल्याशिवाय सुटका नाही. कोरडे असेल तर नुसते पुसून पुढच्या महिन्यात पुन्हा पाहा.

आणि महिन्यातून एकदा, शेताच्या कच्च्या वाटेवर, गरज नसली तरी हब लॉक करून थोडे अंतर ४एच आणि ४एल दोन्ही चालवा. २एच ते ४एच बदल हब लॉक असताना सरळ चालत्या गाडीत होतो, ४एलसाठी गाडी पूर्ण थांबवून क्लच दाबावा लागतो. पाऊस संपल्यावर जूनपर्यंत हब तसेच पडून राहिले तर नव्या जोडीचीही तीच गत होईल.